पिकअपच्या टाय रॉडचा एंड घरी बदलायचाय, घण नेमका कुठं मारायचा?

मंद्रूपकर:
नमस्कार मंडळी, आमची जुनी डिझेल पिकअप हाय, पुढं पाट्याचा एक्सल, पॉवर स्टेअरिंग नाही. महिनाभर झालं स्टेअरिंगला प्ले वाढलाय, चांगलं तीन-चार बोटं फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही. ६० च्या वर गेलं की गाडी डावीकडं वढायलीय आणि खड्ड्यात चाक गेलं की खालनं टक टक आवाज यायलाय. काल वाकून बघितलं तर डाव्या टाय रॉड एंडचं, म्हणजे दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाच्या गोळीच्या सांध्याचं, रबर फाटलंय. आत ग्रीस नाहीच, रानातली काळी माती वाळून खड्यासारखी बसलीय, स्क्रूड्रायव्हरनं उकरली तर भुगा पडला नुसता. आमचं रान सगळं काळं, पावसाळ्यात निम्मं चाक चिखलात असतंय, तिथनंच गेली असणार.

इथल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं की नवीन कशाला घालताय, जुनाच प्रेस करून टाईट करून देतो. मला ते पटेना. माझ्याकडं पाने, जॅक, दोन घण हायत आणि धाकटा भाऊ मदतीला हाय. सोमवारी कांदा घेऊन सोलापूरला मार्केट यार्डात जायचंय आणि गाडी वडील पण चालवतात, म्हणून अंदाजपंचे काय करायचं नाही. घरी होतंय का हे काम? घण कुठं मारायचा? आणि अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांची दिशा जुळवायचं, काय?

जुना फिटर:
होतंय भाऊ, पण पार्ट आणायच्या आधी प्ले कुठं आहे ते पक्कं करा. रबर फाटलं म्हणजे तोच एंड गेला असं समजून लोक पैसे घालतात आणि आवाज तसाच राहतो. गाडी जमिनीवरच ठेवा, जॅक लावू नका. भावाला आत बसवा, त्यानं स्टेअरिंग थोडं डावं थोडं उजवं असं हलवत राहायचं, पूर्ण फिरवायचं नाही. तुम्ही खाली एकेका जॉइंटला बोट लावा, अर्धं बोट एंडच्या डोक्यावर आणि अर्धं ज्या आर्ममध्ये तो बसलाय त्याच्यावर. टाय रॉडचे दोन एंड, ड्रॅग लिंकचे (स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा) दोन, सगळे बघा. जिथं एक भाग हलतो आणि दुसरा मागून येतो तिथं बोटाला टिचकी बसल्यासारखं लागतं. नंतर स्टेअरिंग बॉक्सच्या शाफ्टकडं बघा, शाफ्ट फिरतोय आणि खालचा आर्म गप्प असेल तर दुखणं बॉक्समध्येच आहे, मग एंड बदलून काही उपयोग नाही.

मग चाक उचलून घड्याळाच्या ३ आणि ९ ला धरून हलवा, तो खेळ जास्त करून स्टेअरिंगच्या जॉइंटचा. १२ आणि ६ ला धरून हललं तर बेअरिंग नाहीतर किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावं-उजवं वळतं ती. त्यात फरक कसा कळतो, तर भावाला ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

आता काढायचं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून मागून दगड लावा, उचलल्यावर एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. विटा नाहीतर सिमेंटचा ब्लॉक अजिबात लावू नका, ब्लॉक वजनाखाली न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही. आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आट्यांवर पण आणि एंड पाइपमध्ये आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टवर पण. स्प्लिट पिन काढा, कॅसल नट (पिन घालायच्या खाचांचा नट) ढिला करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या म्हणजे एंड सुटला की तोंडावर येत नाही.

घण बोल्टवर मारायचा नाही. वरनं बोल्टवर मारला की आटे मिटतात आणि एंड तिथंच राहतो. एंडचा बोल्ट टेपर असतो, म्हणजे निमुळता, ज्या डोळ्यात, म्हणजे आर्मच्या भोकात, तो बसलाय त्या डोळ्याच्या बाजूला मारायचा. एका बाजूला दुसरा घण टेकवून धरा आणि समोरून एकच कडक ठोका द्या. डोळा क्षणभर दबतो आणि टेपर सुटतो, टक् असा आवाज येतो, तो एकदा ऐकला की परत विसरत नाही. हळूहळू वीस ठोके मारण्यात अर्थ नाही.

एंड बाहेर फिरवायच्या आधी जुन्याच्या बोल्टच्या मध्यापासून पाइपच्या तोंडापर्यंत माप घ्या, बाहेर काढताना किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवा. नवीन तेवढाच आत घाला.

बार्शीचा ड्रायव्हर:
प्रेस करून घेऊ नका हो, हात जोडून सांगतो. मी केलं होतं तीन वर्षांपूर्वी, महिनाभर स्टेअरिंग लई घट्ट वाटलं, मी पण खूश. एका सकाळी तुळजापूरहून टोमॅटोचे कॅरेट भरून येत होतो, एका गावाच्या वेशीजवळ स्पीड ब्रेकरवर चढलो आणि उतरताना खालनं काहीतरी सुटल्यासारखं झालं. बॉल सॉकेटमधनं बाहेर. उजवं चाक सरळ आणि डावं स्वतःच्या मनानं बाहेर वळलं, स्टेअरिंग फिरवतोय पण डाव्या चाकाला काही पत्ताच नाही. स्पीड २० पण नसेल म्हणून बांधाला जाऊन थांबलो, हायवेला असतो तर आज हे लिहायला नसतो.

नंतर कळलं की बॉल सगळीकडनं सारखा झिजत नाही, मधल्या जागेवर जास्त झिजतो कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. वरनं दाबून घट्ट केला की मधे बरा वाटतो पण वळणावर अडकतो, आणि दाबलेल्या कडेला चीर जाते ती मातीखाली दिसत पण नाही. वेल्डिंगचा डाग मारून देणारे पण हायत, त्यांच्यापासून तर लांबच राहा.

होटगी रोड:
अलाइनमेंट करावीच लागेल, मापं कितीही नीट घेतली तरी. पण मशीनपर्यंत गाडी नेण्यापुरतं घरी टेपनं बघून घ्या. सपाट जागा पाहिजे, स्टेअरिंग सरळ. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, एक्सलच्या उंचीला, पुढच्या बाजूनं खडूनं खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी हातानं ढकला, त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीला आल्या की परत मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा किंचित कमी आलं पाहिजे, ते टो-इन. किती कमी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा घेऊ नका. खुणा त्याच ठेवायच्या, म्हणजे रिम थोडी वाकडी असली तरी माप चुकत नाही.

टो चुकला तर टायर फार लवकर जातं. टायरवर हात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून बघा, एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीच्या दात्यासारखं लागलं की समजा.

आणि पार्ट घेताना डावा की उजवा ते बघून घ्या. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्याला उलटे. म्हणूनच मधला पाइप फिरवला की दोन्ही एंड एकदम बाहेर नाहीतर आत जातात.

मंद्रूपकर:
मंडळी, झालं काम, रविवारी सकाळी सातला सुरू केलं ते दुपारी एकला संपलं. आधी बोट लावून बघितलं तर डाव्या एंडला खेळ होताच, पण ड्रॅग लिंकच्या चाकाकडच्या एंडला पण टिचकी लागली, ती मला कधीच दिसली नसती. दोन्ही बदलले.

होटगी रोडवाल्या दादांनी आट्याचं सांगितलं ते बरं झालं. दुकानदारानं सुलट्या आट्याचाच दिला होता, पाइपमध्ये धरतच नव्हता. आधी मी माती अडकली असेल म्हणून ताकद लावणार होतो, मग आठवलं आणि जुना शेजारी ठेवून बघितला तर आटे चक्क विरुद्ध बाजूला झुकलेले. परत गाडी घेऊन कुठं जाणार, भाऊ मोटरसायकलवर सोलापूरला जाऊन बदलून आला.

एक अडचण आली, जुनी स्प्लिट पिन गंजून नटातच तुटली. बारीक ड्रिलनं काढली, अर्धा तास गेला. डोळ्यावर चौथ्या ठोक्याला टेपर सुटला, फिटर काकांनी सांगितला तोच आवाज. नवीन नट टाईट केल्यावर पिनचं भोक जुळेना, जरा मागं घेऊ का पुढं?

जुना फिटर:
पुढंच. मागं कधीच घ्यायचा नाही. मागं घेतला की टेपर ढिला बसतो आणि डोळा आतून खातो, मग एंड नवा असून उपयोग नाही. मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळून पुढची खाच येईपर्यंत थोडा अजून फिरवा. पिन नवीनच वापरा, जुनी सरळ करून परत घालू नका. ग्रीस निपल असेल तर गननं रबर जरासं फुगेपर्यंतच भरा, जास्त दाबलं तर नवं रबर पहिल्याच दिवशी फाटतं. चाकाचे नट ५०-१०० किलोमीटर झाल्यावर परत एकदा आवळा.

मंद्रूपकर:
तसंच केलं काका. सोमवारी आधी मशीनवर टो सेट केला, मग कांदा घेऊन विजापूर रोडनं गेलो, आवाज बंद, ओढणं बंद. पण एक राहिलंय, गाडी सरळ चालतीय पण स्टेअरिंग थोडं उजवीकडं कललेलं राहतंय. काढून सरळ बसवू का?

जुना फिटर:
स्टेअरिंगला हात लावू नका, वाकडं झालंय ते ड्रॅग लिंक बदलताना लांबी थोडी कमीजास्त झाल्यामुळं. टाय रॉडला पण हात लावू नका, टो बिघडेल. फक्त ड्रॅग लिंकचा क्लॅम्प ढिला करून लिंक अर्धा-अर्धा फेरा फिरवून बघा, दर वेळेला थोडं चालवून.

मंद्रूपकर:
एका फेऱ्यात सरळ झालं. क्लॅम्प आवळला, वडलांनी यार्डापर्यंत एक चक्कर मारली.