क्लायंटना लोगोवाली गिफ्ट द्यायचीत, काय द्यावं?

कागदीघोडा: नमस्कार मंडळी. आमची छोटी अकाउंटिंग सॉफ्टवेअरची कंपनी आहे, जुने क्लायंट टिकावेत आणि त्यांच्या ओळखीतून चार नवीन यावेत म्हणून लोगो छापलेलं काहीतरी द्यायचं चाललंय. साधारण 200 जण आहेत. पार्टनर म्हणतो पेन-डायरी देऊन मोकळे होऊ, मला वाटतं ती ड्रॉवरमध्ये जाऊन पडणार. पेनड्राइव्ह, पॉवर बँक, स्टीलची बाटली, टी-शर्ट एवढं डोक्यात आहे. अनुभव असेल तर सांगा.

शाईचे_डाग: छपाईच्या धंद्यात आहे म्हणून आधी वस्तू नाही, लोगो विचारतो. वेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा साफ राहणारी, आहे का? लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून धुरकट झालेला जेपीजी पाठवतात, नाहीतर तोच जेपीजी पीडीएफमध्ये घालून पाठवतात. भरपूर झूम करून बघा, कडा पायरीपायरीच्या दिसल्या तर उपयोग नाही. दुसरं म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, बनते, त्यामुळे चार रंगांचा लोगो 200 नगांसाठी महागात जातो, एकरंगी लोगो करून घ्या.
बाटली घेणार असाल तर लेझर करा. त्यात वरचा कोटिंगचा रंग उडून खालचं स्टील दिसतं, तोच तुमचा लोगो, शाईच नाही म्हटल्यावर घासून जाणार काय! फक्त रंग मिळत नाही, चंदेरीच येतो. आणि टी-शर्टवर एम्ब्रॉयडरी करणार असाल तर खालची टॅगलाइन काढून टाका, 5 मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं दोऱ्याने बुजून जातात.

खरेदीवाली: मी गिफ्ट घेणाऱ्यांच्या बाजूला बसते, तिकडून सांगते. पेनड्राइव्ह नकोच, कितीतरी ऑफिसात यूएसबी पोर्ट बंद असतात, बाहेरचा पेनड्राइव्ह लावला तर आयटीवाले धावत येतात. पॉवर बँकेत लिथियम बॅटरी असते, कुरिअरवाले कटकट करतात, विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते आणि 100 वॉट-अवरच्या (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) वरची असेल तर एअरलाइनला विचारावं लागतं. टी-शर्टला 200 जणांचे साइज विचारत बसाल का?
आणि एक, बऱ्याच कंपन्यांत गिफ्ट घ्यायची मर्यादा ठरलेली असते, तिच्यावर गेलं की परत पाठवावं लागतं, मग देणारा आणि घेणारा दोघंही अवघडतात. आधी विचारून घ्या. लोगो प्लीज लहान ठेवा हो, आम्ही काय तुमचे चालतेफिरते होर्डिंग आहोत?

शाईचे_डाग: ताई, होर्डिंगचं मान्य, पण कापडी पिशवीवर मोठं छापलेलंही चालतं, डिझाइन मात्र बघण्यासारखं पाहिजे. नुसता लोगो आणि खाली फोन नंबर असेल तर कोण मिरवणार.

कागदीघोडा: बाटलीकडे कल आहे आता. पण याने धंदा वाढला की नाही हे कळणार कसं?

उशिराचा_रिप्लाय: बाटलीवरून नाही कळणार, सोबतच्या कार्डावरून कळेल. कार्डावर क्यूआर कोड द्या, त्याची लिंक याच कामापुरती वेगळी ठेवा, म्हणजे तिथून किती आले ते दिसतं. क्यूआर बाटलीवर नको, गोल पृष्ठभागावर स्कॅन नीट होत नाही आणि दिसतंही वाईट. दुसरं, 200 जणांना एकच वस्तू कशाला? जे खरोखर तुमचं नाव चार ठिकाणी सांगतात त्यांना चांगली बाटली, त्यावर त्यांचंही नाव कोरून, लेझरला नाव बदलणं फार अवघड नसतं. बाकीच्यांना हाताने लिहिलेलं कार्ड पुरे. आणि रिन्यूअलच्या तोंडावर देऊ नका राव, मस्का वाटतो. रिन्यूअल झाल्यावर द्या.

कागदीघोडा: हे पटलं, यादी चाळतो. फोटोवरून ऑर्डर दिली तर चालेल ना?

शाईचे_डाग: अजिबात नाही! तुमचाच लोगो कोरलेला एक नग सॅम्पल मागवा. बाटली थर्मासवाली, दुहेरी भिंतीची असेल तर त्यात उकळतं पाणी भरा, थोड्या वेळाने बाहेरून चटका बसला तर दोन भिंतींमधला व्हॅक्यूम गेलेला आहे. मग रात्रभर आडवी ठेवा, झाकण गळतं का ते सकाळी कळेल. लोगोची जागा आणि साइज मिलिमीटरमध्ये ईमेलवर लिहून घ्या, फोनवर "मधोमध" म्हणालात तर त्यांचं मधोमध वेगळं निघतं. शिवाय थोडे जास्तीचे नग सांगून ठेवा, नावात चुका होतातच.