मदत हवी आहे: शॉपिफाय घ्यावं की वूकॉमर्स?

नमस्कार मंडळी. निफाडला आमच्या घरचे मनुके आणि आईच्या हातचे नाचणीचे पापड व्हॉट्सॲपवर विकतो. ऑर्डरी वाढल्यात, हिशेब जुळवताना नाकी नऊ येतात. म्हणून आता स्वतःचं ऑनलाइन दुकान काढायचंय; शॉपिफाय ही तयार दुकान देणारी सेवा, तर वूकॉमर्स हे आपल्या वर्डप्रेस वेबसाइटला जोडायचं दुकानाचं सॉफ्टवेअर.

शॉपिफायवर दुकान पटकन उभं राहतं, पण दरमहा भाडं. शिवाय भारतात पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) बाहेरचा जोडावा लागतो, त्यावर शॉपिफायचं वेगळं शुल्क. वूकॉमर्स फुकट, पण होस्टिंग (वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर जागा), बॅकअप, अपडेट सगळं आपल्याच गळ्यात. तरी माझा कल तिकडेच आहे.

खरी काळजी कॅश ऑन डिलिव्हरीची. पार्सल परत आलं की जाण्यायेण्याचं भाडं अंगावर, पापडांचा चुरा होतो तो वेगळाच. ठराविक पिनकोडनाच ही सोय कोणी ठेवली आहे का? कशी? आणि नाशिकमध्ये वूकॉमर्स सांभाळून देणारं भरवशाचं कोणी असेल तर कृपया सुचवा.