मेलेल्या कोंबड्या गोबरगॅसमध्ये टाकाव्यात का?

मोहोळचा पोल्ट्रीवाला:
उन्हाळ्यात पारा 43 च्या पुढं गेला की शेडमध्ये रोज पक्षी दगावतात. पुरायचं तर थोडं खणलं की मुरूम, मग कातळ. म्हणून लोक ओढ्यात फेकतात आणि कुत्री तेच ओढून वस्तीवर आणतात. गोबरगॅस असेल तिथं पक्षी बारीक करून शेणाबरोबर घालावेत. चरबीतून शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस निघतो. सरकारनं अनुदान द्यावं.

बार्शीचा पशुवैद्यक:
माझा ठाम विरोध. जमिनीतल्या घरगुती टाकीत फार तर 30-35 अंश तापमान असतं. तेवढ्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कमी होतो, संपल्याची खात्री नाही. काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं रूप, तर तसेच राहतात, आणि टाकीतून निघणारी तीच पातळ स्लरी आपण मेथी-कोथिंबिरीला सोडतो! युरोपात मेलेली कोंबडी बायोगॅसला द्यायची तर आधी 133 अंशांवर, 3 बार दाबाखाली 20 मिनिटं शिजवावी लागते. शेतावर कोण करणार हे?

सांगोल्याची म्हसवाली:
दादा, मग म्हैस मेली तर काय करायचं? आमच्याकडं ओढतच नेतात.

बार्शीचा पशुवैद्यक:
ताई, आधी डॉक्टरला दाखवा. अचानक मेली आणि नाका-गुदातून न गोठणारं काळं रक्त आलं, तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्स) संशय धरा आणि जनावर अजिबात फाडू नका. हवा लागली की बीजाणू बनतात, ते मातीत कित्येक दशकं टिकतात. विहिरी-ओढ्यापासून लांब खोल खड्डा, नाहीतर जाळणं. अशा जनावराला बायोगॅसचं नावही काढू नका.

करमाळ्याचा शेतकरी:
पिसं टाकीत वर तरंगून थर धरतात. मांस जास्त झालं की अमोनिया वाढतो आणि गॅसच बंद पडतो. त्यापेक्षा भुसा आणि लिटर (शेडमधलं विष्ठा मिसळलेलं अंथरूण) यांचे थर देऊन कंपोस्ट करा. नीट जमलं तर आत 55-60 अंश उष्णता येते.

मोहोळचा पोल्ट्रीवाला:
कंपोस्टला ओल राखावी लागते. मे महिन्यात आमच्याकडं प्यायला टँकर, ढिगावर पाणी कुठून मारू? शिजवायचं भांडं मला एकट्याला परवडत नाही, पण तालुक्याला एक सामायिक संयंत्र तर परवडेल! त्याच गॅसवर त्याचा बॉयलर चालवा. खरा धोका आज ओढ्यात पडलाय, त्याला विरोध कोण करतंय?

बार्शीचा पशुवैद्यक:
शिजवणारं सामायिक संयंत्र असेल तर सही करायला मी पहिला. पण रोजच्या मरतुकीपुरतंच. मर एकदम वाढली तर एकही पक्षी शेडबाहेर न काढता आधी पशुसंवर्धन खात्याला फोन. बर्ड फ्लूचा माल गाडीत भरून तालुकाभर फिरवायचा नसतो. आणि संयंत्र होईपर्यंत घरच्या टाकीत एकही पक्षी नको.