‘सी’ विंगच्या लॉबीतला वास

लेले काका ४०२ (८:१४): सेक्रेटरी, चौथ्या मजल्यावर पंधरा दिवस कुबट वास मारतोय. ज्यांना पावसाळ्यात कुत्रं कोरडं ठेवता येत नाही त्यांनी पाळू नये. कोणाला म्हणतोय ते कळलं असेलच.

माने काकू २०२ (८:१६): शुभ सकाळ. श्री स्वामी समर्थ.

अनघा ४०३ (८:४१): काका, कळलं. पण वास बंड्याचा नाही, भिंतीचा आहे. काल बेडरूममधलं कपाट तिघांनी मिळून सरकवलं. मागची नैऋत्येची भिंत खालपासून कमरेपर्यंत काळी-हिरवी. बोट लावलं तर मखमलीसारखं, आणि रंगाचा पोपडा हातातच आला. बंड्याची गादी बरोबर त्या कपाटाशेजारी. आम्ही पलंगावर झोपतो, तो जमिनीलगत नाक टेकून पडलेला असतो, तेही दिवसाचे बारा-बारा तास. जूनच्या शेवटापासून पंजे चाटतोय. बोटांमधले पांढरे केस थुंकीने तांबूस झालेत. कान झाडतो, पोट खाजवतो. मी आपली गोचीड समजून पावडर मारत बसले.

लेले काका ४०२ (८:४५): मग डॉक्टरला दाखवा. ग्रुपवर कशाला?

रोहित ४०१ (८:४५): काका, ग्रुपवर तुम्हीच आणलंत 🙏

अनघा ४०३ (८:५८): दाखवलं. त्यांनी आधी कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली, खरजेचे किडे नाहीत. कानातला मळ पाहिला, त्यात यीस्ट, म्हणजे बारीक बुरशीच, खच्चून. ते म्हणे कुत्र्याच्या अंगावर मुळातच असतं, पण ॲलर्जीने कातडी सुजून दमट राहिली की माजतं. ॲलर्जी कशाची हे नुसतं बघून सांगता येत नाही. बुरशीचे कण, धुळीतले माइट्स, गवत, खाणं, काहीही असू शकतं. घरात ओल असली की बुरशी आणि माइट्स दोघांचं फावतं. मग त्याला बारा दिवस साताऱ्याला सासऱ्यांकडे ठेवला. चाटणं निम्म्यावर आलं. परत आणला तर चौथ्या दिवशी पुन्हा सुरू.

रोहित ४०१ (९:०१): तिकडे खाणंही बदललं असेल की.

अनघा ४०३ (९:०३): त्याचंच खाणं डब्यात भरून दिलं होतं, सासूबाईंना चार वेळा बजावून. तरी भाकरी घातलीच असणार 😄 त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगत. खाजेचं औषध चालू आहे. भिंत कोरडी झाली की कळेल.

माने काकू २०२ (९:१०): अगं, नातवाच्या दंडावर नायटा आलाय. तो बंड्याशी खेळतो. भिंतीची बुरशी बंड्याला आणि त्याची आमच्या पोराला, असं नाही ना?

अनघा ४०३ (९:१४): काकू, नायट्याची बुरशी वेगळी. ती कातडीवर आणि केसांत जगते, भिंतीवरून येत नाही. कुत्र्या-मांजराकडून मात्र येऊ शकते, म्हणून बंड्याचं तेही तपासून घेते. नातवाला स्किनच्या डॉक्टरकडे न्या. मेडिकलमधून मिळतात त्या मिक्स ट्यूब लावू नका, त्यात स्टेरॉइड असतं, नायटा आणखी चिघळतो.

रोहित ४०१ (९:१८): आमच्या पगला खाज नाही, पण धाप वाढलीये. चपट्या नाकाला सगळंच जड जातं म्हणाले डॉक्टर. आम्ही रात्रीची कॉइल बंद केली. एका कॉइलमधून शंभरएक सिगारेटींएवढा बारीक धूर निघतो, आणि पावसात खिडक्या बंद! आता जाळी बसवतोय.

शिंदे ३०४ (९:२५): लांब नाकवालेही सुटत नाहीत. आमच्या शेफर्डला दोन वर्षांपूर्वी नाकात ॲस्परजिलस नावाची बुरशी झाली होती. एकाच नाकपुडीतून शेंबूड, मग रक्त. नाकपुडीचा काळा रंगसुद्धा उडाला. आम्ही सर्दी समजून महिना घालवला, नंतर उपचाराला चार महिने लागले. ती घरातल्याच भिंतीची होती असं कोणी म्हटलं नाही, ती बुरशी माती-पाल्यातही असते. पण एका बाजूने रक्त दिसलं तर थांबू नका.

माने काकू २०२ (९:३१): मग बुरशीचा भाग काढून उरलेला पाव मी गेटवरच्या काळ्याला घालते, ते?

अनघा ४०३ (९:३२): काकू नको!! हुंगण्यापेक्षा खाणं कितीतरी वाईट. पाव, चीज, अक्रोड, कचऱ्यातलं कुजकं, यांवरच्या काही बुरशींचं विष मेंदूवर जातं. काही तासांत अंग थरथरतं, झटके येतात. दाणे-मक्यावरच्या बुरशीचं विष यकृत खातं.

माने काकू २०२ (९:३४): अरे देवा. बंद.

सावंत सेक्रेटरी (१०:०५): मीटिंगमध्ये होतो. अनघाताई, अँटीफंगल रंग मारून घ्या. आमच्या घरी ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड एकत्र करून घासतात, चकाचक निघतं.

रोहित ४०१ (१०:०६): सावंतसाहेब, ते एकत्र करू नका! क्लोरीन वायू सुटतो.

अनघा ४०३ (१०:१२): आणि आतून पाणी येत असताना रंग टिकत नाही, पुढच्या श्रावणात पुन्हा पोपडे. आम्ही सध्या मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसतोय. कोरडं घासलं तर कण घरभर उडतात. बंड्या तेवढा वेळ हॉलमध्ये. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही काढल्या, कुत्र्याने गिळल्या तर विषबाधा होते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलंय, बेडरूममध्ये ८४ दाखवतंय. साठच्या आत हवी.

सावंत सेक्रेटरी (१०:१५): फ्लॅटच्या आतलं काम मेंबरने करायचं असतं.

अनघा ४०३ (१०:१७): नहाणी-सिंकची गळती आमची, मान्य. पावसाचं पाणी आणि छताची गळती सोसायटीची, आदर्श उपविधींतच आहे ते. गच्चीवरून उतरणारा पाइप आमच्या भिंतीशी सांध्यात फुटलाय. फोटो टाकलाय. मे महिन्यात अर्जही दिला होता.

लेले काका ४०२ (१०:२९): तो पाइप म्हणजे आमच्या अडगळीच्या खोलीला लागून जातो तोच ना?

अनघा ४०३ (१०:३०): हो काका, तोच.

लेले काका ४०२ (१०:५२): ट्रंका हलवल्या. आमच्याकडेही तेच. गाद्यांच्या गाठोड्याला खालून बुरशी धरलीये. आणि त्या खोलीचं दार लॉबीतच उघडतं.

सावंत सेक्रेटरी (११:०३): पाऊस उघडला तर शनिवारी प्लंबर पाठवतो. खर्च रिपेअर फंडातून. गच्चीचा कोबा पावसाळ्यानंतर बघू.

लेले काका ४०२ (११:०६): शिडी माझी घ्या. पण अनघा, गच्चीवर तुमच्या दारावरूनच जायचं. कुत्रं चावत नाही ना?

अनघा ४०३ (११:०७): चावत नाही काका. चाटतो.