अनुभव धागा: गायनॅकच्या एमआरला बाईच्या तब्येतीचं काय शिकवावं?

औषध कंपनीच्या गायनॅक (स्त्रीरोग) डिव्हिजनला एमआर, म्हणजे डॉक्टरांना औषधांची माहिती देणारे प्रतिनिधी, म्हणून नवीन लागलेली मुलंमुली व्हिज्युअल एड (औषधाच्या माहितीचं चित्रपुस्तक) तोंडपाठ म्हणतात, पण डॉक्टरांनी मधेच थांबवून "ही गोळी कोणाला द्यायची नाही?" असं विचारलं की गप्प होतात. मराठवाड्यात शिकवणाऱ्यांनी, फिरणाऱ्यांनी, काउंटर सांभाळणाऱ्यांनी आपला अनुभव आकड्यांसकट लिहावा. कंपन्यांची नावं नकोत.

ट्रेनर, छत्रपती संभाजीनगर:

पहिला दिवस फक्त लोहाचा ठेवावा. तीन पट्ट्या हातात द्याव्यात आणि प्रत्येकीच्या मागे प्रत्यक्ष लोह किती, ते पेनने लिहायला लावावं. फेरस फ्युमरेट ३०० मिग्रॅ म्हणजे लोह साधारण १०० मिग्रॅ, सुकं फेरस सल्फेट २०० मिग्रॅ म्हणजे ६५, आणि फेरस ग्लुकोनेट ३०० मिग्रॅ म्हणजे जेमतेम ३५. पट्टीवरचा आकडा मोठा म्हणजे लोह जास्त, हा गैरसमज तिथंच जातो.

मग सरकारी लाल गोळी. तिच्यात ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ती बाईकडे आशाताईंकडून आलेलीच असते. वर खासगी दवाखान्यातली गोळीही सुरू झाली की नकळत डोस वाढतो, पोट बिघडतं आणि ती दोन्ही सोडून देते. "सरकारी गोळी चालू आहे का?" ही आठवण डॉक्टरांना करून देणं हे एमआरचं काम आहे.

लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं. चहाबरोबर गोळी नको. शौचाला काळं होईल हे आधीच सांगावं, नाहीतर घाबरून गोळी बंद होते. महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नाही, तर ब्रँड बदलून काही होत नाही. गोळी खरंच घेतली जाते का, पाळीत रक्त किती जातं, जंत आहेत का, थॅलेसेमिया मायनर (आनुवंशिक रक्तदोष) तर नाही, हे बघावं लागतं.

एमआर, लातूर:

मॅडम, लोहाच्या आधी एक तास भाषेला द्या. आपल्याकडं बाई "अंगावरून जातंय" एवढंच सांगते. लाल की पांढरं, ते पुढं विचारावं लागतं. कॅम्पला वाटायच्या पत्रकात पांढरं जाण्याला 'ल्युकोरिया' छापून उपयोग नाही.

पांढऱ्यातही फरक आहे. दह्याच्या चोथ्यासारखं, खूप खाज आणि वास नाही, तर बहुधा बुरशी, योनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ४.५ च्या आत राहतो. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडणं), सामू ४.५ च्या वर जातो. बुरशीला क्लोट्रिमॅझोलची ५०० मिग्रॅची एकच योनीत ठेवायची गोळी किंवा १०० मिग्रॅची सहा रात्री. दुसऱ्याला मेट्रोनिडॅझोल ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, हे सांगायला लाजू नये. तोंडाने घ्यायचं फ्लुकोनॅझोल गरोदर बाईला टाळायचं.

लाल "जास्त" जातंय म्हणजे किती? ७ दिवसांच्या वर, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं. कापड वापरत असेल तर दिवसाला किती घड्या बदलल्या, ते विचारायचं.

केमिस्ट, माजलगाव:

महालक्ष्म्या, नवरात्र आणि लग्नसराई जवळ आली की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागायला घरातला पोरगा येतो, चिठ्ठी नसते. एमआरनं नुसती स्कीम (दुकानदाराला मिळणारी सवलत) सांगू नये, हेही सांगावं: नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आदल्या दिवशी सुरू केली तर फसते. या डोसवर गर्भ राहणार नाही असं धरून चालू नये. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली असेल, लिव्हरचा आजार असेल, गर्भाची शंका असेल, तर नाही म्हणजे नाही. चिठ्ठीशिवाय द्यायचं हे औषधच नाही.

एरिया मॅनेजर, नांदेड:

मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत सॅम्पल ठेवू नका. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि पट्टीतून काढताना फुटतात. ऑक्सिटोसिन आणि मिथाइलएर्गोमेट्रिनची इंजेक्शनं २ ते ८ अंशांतच हवीत. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच लागतं, आणि बाहेरून बघून खराब झालेलं कळत नाही. औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीच्या २०२४ च्या आचारसंहितेनुसार 'सेफ' हा शब्द अटीशिवाय वापरता येत नाही, आणि एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बाराच सॅम्पल पाकिटं.

स्त्रीरोगतज्ज्ञ, अंबाजोगाई:

आमच्या बीड जिल्ह्याचं दुखणं इथं लिहिलंच पाहिजे. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवी काढणं हा जास्त रक्तस्रावावरचा पहिला उपाय नव्हे. आधी हिमोग्लोबिन, गर्भ राहिलाय का याची तपासणी, सोनोग्राफी. पंचेचाळिशीनंतर पिशवीच्या अस्तराचा तुकडा काढून तपासणी. औषधांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम दिवसातून तीनदा, फक्त रक्त जात असताना, चार-पाच दिवस. गुठळीचा इतिहास असेल तर नाही. ५२ मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेलची तांबी (गर्भपिशवीत बसवायचं, हार्मोन सोडणारं साधन) बसवली तर बऱ्याच जणींची पिशवी वाचते. सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडंथोडं डागाळतं, ते आधी सांगितलं नाही तर बाई ती काढून टाकायला येते.

पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी जाते, हाडं लवकर झिजतात, हृदयाचा धोका वाढतो. अशा बाईपुढं नुसतं कॅल्शियम ठेवून भागत नाही, आणि कॅल्शियमचं डिटेलिंग (डॉक्टरांपुढं औषधाची माहिती मांडणं) करणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवत नाही. "अंडाशयं ठेवलीत का, मॅडम?" एवढं एखाद्या एमआरनं विचारलं तरी मला आनंद होईल. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर औषध लिहिण्याआधी कॅन्सरची तपासणी.

आरोग्य शिक्षिका, धाराशिव:

डॉक्टर मॅडम, कॅन्सरला जोडून. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला, निकाल २००९ मध्ये छापून आला. एकदाच एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. लशीचं डिटेलिंग करणाऱ्यानं निदान हे तरी सांगावं. देशी लस ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ ते २६ वयात तीन डोस, ०, २ आणि ६ महिन्यांना. लस झाली तरी तिशीनंतर तपासणी चुकत नाही. कॅम्पला गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून बघायची चाचणी असेल तर ५ टक्क्यांचं द्रावण त्याच दिवशी ताजं करा, आणि लावल्यावर घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबा. घाईत बघितलं तर पांढरा डाग उमटायच्या आधीच "नॉर्मल" लिहिलं जातं.