मदत हवी आहे: गुडघा बदलल्यावर जांघेत दुखणं, एक्स-रे साफ

पेशंट बाई, वय 68, मुक्काम धारणीजवळ. उजवा गुडघा बदलून 10 आठवडे झाले. गुडघा झकास, जखम कोरडी, 110 अंश वाकतो. वाकडा पाय सरळ झाला तशा त्या वावरापर्यंत चालू लागल्या, अन् 2 आठवड्यांपासून जांघेत कळ. पाय टेकला की दुखतं, निजलं की थांबतं. पाय आत फिरवला की ओरडतात. पडल्या नाहीत, ताप नाही.

खुब्याचा एक्स-रे साफ, पण मांडीच्या हाडाच्या मानेतली (खुब्याजवळच्या निमुळत्या भागातली) ताजी भेग त्यात दिसेलच असं नाही. वॉकर दिलाय, वजन टाकणं बंद. गुडघ्यातल्या धातूमुळे खुब्याचा एमआरआय अडत नाही, ते विचारून झालं.

एमआरआयचा नंबर 4 दिवसांनी, अमरावतीला, रस्ता घाटाचा. भेग मानेच्या वरच्या बाजूला असली तर हाड सरकायची भीती. मग 4 दिवस थांबावं, का आजच आडवं टाकून न्यावं?