जुन्या सागवानी दारावरचा ऑइल पेंट हीट गनने काढू का? (महाल, नागपूर)

वाड्यातली_सून

नमस्कार मंडळी. महालात आमचं जुनं घर आहे. समोरचं दोन फळ्यांचं सागवानी दार आजेसासऱ्यांच्या वेळचं. त्यावर ऑइल पेंटचे इतके हात बसलेत की चौकटीवरची वेलबुट्टी पार बुजून गेली. खालच्या कोपऱ्यात पोपडा निघालाय, तिथे वरून तपकिरी, मग हिरवा, त्याखाली पिवळा आणि तळाशी शेंदरी थर दिसतो. मे महिन्यात दिराचं लग्न आहे. त्याआधी सगळा रंग काढून नुसतं पॉलिश मारायचं मनात आहे.

1800 वॅटची हीट गन, म्हणजे गरम हवा फेकून रंग मऊ करणारं यंत्र, आणली आहे. तिला दोनच बटणं, 350 अंश आणि 550 अंश. कोणत्या प्लगवर लावू? किती लांब धरू? दाराच्या वर रंगीत काचांचा झरोका आहे, त्या काचा तडकतील का? काम ओसरीतच करावं लागेल, दार उतरवायला माणसं नाहीत. ओसरीच्या खिडकीत कूलर बसवून झालाय. आणि हो, घरात दीड वर्षाची मुलगी आहे, तिचा दिवस ओसरीतच जातो.

वायरमन_नंदनवन

ताई, प्लगचं मी सांगतो. 1800 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर पावणेआठ अँपिअरच्या आसपास. पंखा, मोबाइल चार्जरवाला छोटा प्लग 6 अँपिअरचा असतो, त्याला हे झेपत नाही. गिझरला किंवा एसीला असतो तसा 16 अँपिअरचा पॉवर प्लगच पाहिजे. महालातल्या जुन्या घरांत बरेचदा पॉवर प्लगच्या डब्याला मागून बारीकच वायर ओढलेली असते, आणि अर्थिंगची पिन असते पण तिला मागे काही जोडलेलंच नसतं. एकदा उघडून बघून घ्या.

एक्स्टेन्शन लागलंच तर तांब्याची दीड एमएमपेक्षा बारीक वायर नको, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून टाका. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही, वरचं प्लॅस्टिक मऊ पडतं. काम चालू असताना प्लगला अधूनमधून हात लावून बघा. गरम लागला की बंद.

इतवारीचा_पॉलिशवाला

वायरमनभाऊंनी प्लगचं बरोबर सांगितलं. पण ताई, मी दुसऱ्याच गोष्टीवर अडून राहिलो आहे. तुमचा तो तळाचा शेंदरी थर.

तो साधा रेड ऑक्साइड असेल तर लोखंडाचा, त्याची भीती नाही. पण जुन्या काळी शिशाचा शेंदरी प्रायमरही मारत, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक खात्रीने कळत नाही. पिवळ्याचंही तेच. जुन्या पिवळ्या इनॅमलमध्ये लेड क्रोमेट असायचं, लेड म्हणजे शिसंच. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको हा आपल्याकडचा नियम 2016 चा, आणि तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. तुमच्या दाराचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून तपासणी होईपर्यंत त्यात शिसं आहे असंच धरून चाला.

आता गन लावली की काय होतं ते सांगतो. रंग फुगतो, मऊ पडतो, पट्टीने ओढला की साप निघाल्यासारखा निघतो. बघायला फार छान वाटतं. पण साधारण सहाशे अंशांकडे गेलं की शिशाची वाफ होऊ लागते. डब्यावर 550 लिहिलंय खरं, पण स्वस्तातल्या गनचा आकडा तोंडाशी तेवढाच भरेल याची खात्री मी देणार नाही. आणि वाफ नाही झाली तरी खरवडलेला चुरा आहेच. तो ओसरीच्या फरशीवर बसतो, पोरगी रांगते, हात तोंडात घालते.

वरून तुमचा कूलर! कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. ओसरीत उडालेला धूर आणि चुरा तो थेट घरात नेणार. शिवाय त्याची घास, म्हणजे वुडवूल, आपल्या उन्हाळ्यात पाणी थांबलं की तासाभरात कडकडीत होते. तिच्याकडे गनचं तोंड चुकूनसुद्धा वळू देऊ नका.

बाप्पा, आगीचंही सांगतो, कारण लोक ज्वाळा दिसत नाही म्हणून गनला हेअर ड्रायरसारखं समजतात. जुन्या वाड्यात चौकट आणि भिंत यांच्यात फट असते. तिच्यात वाळवीचा भुसा, चिमणीच्या घरट्याच्या काड्या, जाळी, सगळं साठलेलं. गरम हवा त्या फटीत शिरली की आत ठिणगी धरते आणि बाहेर काहीच दिसत नाही. ती तासन् तास धुमसून मग पेट घेते. आमच्या धंद्यात म्हणूनच चौकटीच्या कडेला गन लावतच नाहीत, काम संपल्यावर तासभर कोणी तरी तिथेच थांबतं आणि झोपायच्या आधी पुन्हा हात फिरवून, वास घेऊन बघतात. संध्याकाळी गन बंद करून लगेच कुलूप लावून लग्नाच्या खरेदीला जायचं नाही.

काचा तडकणारच. जुनी काच एका जागी तापली की जाते. तिथे गन नकोच.

वाड्यातली_सून

काका, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. पोरीचं वाचून पोटात गोळा आला. मग रंग काढायचा कसा? पॉलिश पेपरने घासू का?

मेडिकल_चौकातली_सिस्टर

मी मुलांच्या वॉर्डात नोकरी करते. कोरडा पॉलिश पेपर तर अजिबात नको, त्याची धूळ सगळ्यात बारीक आणि सगळ्यात वाईट. शिशाची सुरक्षित पातळी लहान मुलासाठी नाहीच, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. ते मेंदूवर परिणाम करतं आणि सुरुवातीला बाहेरून काही कळत नाही. मुलीला आता पोपड्यापासून लांब ठेवा, हात धुवायची सवय लावा, आणि तिने तो कोपरा चाटला, कुरतडला असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

गन पुढेमागे वापराल म्हणून भाजण्याचंही लिहिते. तोंडाची नळी बंद केल्यावरही बराच वेळ चटका देते. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आधी काढा.

इतवारीचा_पॉलिशवाला

सिस्टरताईंचं अगदी बरोबर. लेडची किट मिळते, पण शिसं थोडं असेल तर ती दाखवेलच असं नाही. त्यापेक्षा पोपड्याचा तुकडा पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्या. तळाच्या लाकडापर्यंतचे सगळे थर त्या तुकड्यात आले पाहिजेत.

शिसं निघालं तर दार उतरवून घराबाहेर, ओलं करून, मास्क-फिल्टर वापरणाऱ्या माणसाकडूनच काढून घ्या. कापडी मास्क काही कामाचा नाही. पेंट रिमूव्हर वापरणार असाल तर मिथिलीन क्लोराइड नसलेला घ्या, आणि तो लावल्यावर गन जवळही आणू नका. कॉस्टिक सोडा लावतो म्हणणारा आला तर नाही म्हणा, साग काळा पडतो.

शिसं नाहीच निघालं तर गन चालेल. 350 वर सुरू करा, दोन-तीन बोटं अंतर, हात सतत फिरता. फुगवटा आला की लगेच पट्टी. लाकूड करपून तपकिरी व्हायला लागलं म्हणजे गन एका जागी जास्त थांबली. मागची जाळी हाताने झाकू नका, आणि बंद करायच्या आधी 350 च्या बटणावर दोन मिनिटं चालवा, नाहीतर आतली कॉइल जाते.

पण हे सगळं मेच्या आत उरकायची घाई नको. लग्नापुरतं असं करा. पोपडा निघालेली जागा ओल्या फडक्याने पुसा, फडकं बांधून टाकून द्या, आणि त्यावर नव्या इनॅमलचे दोन हात मारा. न उखडलेला रंग झाकलेला असेपर्यंत धूळ करत नाही. दाराची कड चौकटीला घासत असेल तर बिजागरी नीट करून घ्या, कारण घासून पडणारी भुकटीही तीच.

वाड्यातली_सून

ठरलं काका. उद्या कोपऱ्यातला तुकडा पाकिटात घालते, दार पावसाळ्यानंतर. ह्यांना बिजागरीसाठी सुताराला फोन करायला सांगितलंय.